टोपीभोवतीची काजळी

संपादकांचं पत्र आलं. 'तुम्ही उभा जन्म बंदुका दुरुस्त करण्यात घालवला, तेव्हा शिकारीच्या चार चटकदार गोष्टी आमच्या दिवाळी अंकासाठी लिहा.' पत्र वाचून मला हसू आलं. मी आयुष्यात साधा ससासुद्धा मारलेला नाही. शिकारी लोक आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसायचे, बसल्या बसल्या वाघ मारायचे, चहा प्यायचे आणि निघून जायचे. आमच्या वाट्याला यायचं ते त्यांचं बिघडलेलं लोखंड आणि जळलेलं पितळ. ज्यांना वाघ पाहिजे असेल त्यांनी खुशाल पानं उलटावीत. मी काडतुसांबद्दल लिहिणार आहे, आणि माझ्या थोरल्या भावाबद्दल.

कारंज्यात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान होतं. वाशीम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आमची कोर्टकचेरी सगळी अकोल्याची. घराणं लोहाराचं. वडील ठासणीच्या बंदुका दुरुस्त करत. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा मी लहान होतो आणि दादा कमावता झाला होता. त्यानंच मला वाढवलं. नागपूरला एका बंदूकवाल्याकडे काही वर्षं राहून तो रायफलीचं काम शिकून आला आणि येताना पितळेचा एक नाजूक काटा घेऊन आला, सोनाराकडे असतो तसा. त्यानं लग्न केलं नाही. काहून केलं नाही, ते त्याला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आता धंदा काय होता ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. रायफलीच्या काडतुसात चारच वस्तू असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला बसवलेली इवलीशी टोपी, पोटात दारू आणि तोंडात गोळी. चाप ओढला की आतली खीळ टोपीवर आपटते. टोपी पेटते, ती दारूला पेटवते आणि दारूचा जो धूर होतो तो गोळीला नळीतून पुढे ढकलतो. गोळी जाते, पुंगळी राहते. ती पुंगळी साफ करायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, गोळी दाबायची की काडतूस पुन्हा तयार. जर्मनीशी दुसरी लढाई सुरू झाली आणि विलायतेची काडतुसं येणं बंद झालं, तेव्हा रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची रायफल बाळगणारे सगळे आपापल्या रिकाम्या पुंगळ्या धोतराच्या सोग्यात बांधून आमच्याकडे यायला लागले.

सगळी मेख त्या धुरात आहे. धूर पुढेच गेला पाहिजे. तो मागे आला तर मागे माणसाचा डोळा असतो.

म्हणून आम्ही आधी पुंगळीचं बूड पाहायचो. टोपी जशीच्या तशी, भोवती स्वच्छ पितळ, तर सगळं ठीक. टोपीभोवती काजळीचं बारीक कडं दिसलं तर धूर झिरपला. टोपी चपटी होऊन पसरली असेल तर आतला दाब वाढला. आणि उडवल्यावर बोल्ट, म्हणजे काडतूस मागून दाबून धरणारा दट्ट्या, उघडतच नसेल, तर मालकाच्या नशिबाने तो दुकानापर्यंत आला असं समजायचं. कारणं दहा असतात. पुंगळी पुन्हा पुन्हा भरून टोपीचं घर सैल झालेलं असतं, दारू कणभर जास्त पडलेली असते, गोळी फार आत बसलेली असते, नाहीतर रायफलमध्येच खोट असते. मी मापं घेऊन कारण शोधायचो. दादा आधी माणसाला समोर बसवायचा, पाणी द्यायचा आणि मग त्याचा ठरलेला प्रश्न विचारायचा.

"भरल्यावर याले कोणाचा हात लागला?"

मला त्या प्रश्नाची चीड यायची. गिऱ्हाईक घाईत, मी घाईत, आणि हा वैद्यासारखा विचारत बसतो. पण कितीतरी वेळा उत्तर तिथेच निघायचं.

पोहरादेवीकडचे एक हवालदार होते, पलटणीतून पेन्शनीत आलेले. मिशा अशा की लिंबू ठेवावं. ते भर वैशाखात आले आणि काउंटरवर पुंगळ्या ओतून म्हणाले, "मिस्त्री, तुमचं काडतूस उडते बराबर, पन मंग बोल्ट उघडत नाई. गोट्यानं ठोका लागते." पुंगळ्या पाहिल्या तर सगळ्या टोप्या चपट्या आणि प्रत्येकीला काजळीचं कडं. मी त्यांची उरलेली काडतुसं उघडली, दारू तोलली, पुंगळीची लांबी मोजली, गोळ्या मोजल्या. दोन दिवस गेले. सगळं बिनचूक. तिसऱ्या दिवशी दादानं त्यांना समोर बसवलं.

"हवालदारसाहेब, काडतुसं ठेवता कुठी?"

"पेटीत."

"पेटी कायची?"

"लोखंडाची. पलटणीतली हाय."

"आन पेटी कुठी राह्यते?"

"बैलबंडीत. वावरात जातो तं बंडी संगच असते."

"दुपारी त्या पेटीवर हात ठेवून पाह्यला का कई?"

वैशाखातल्या उन्हात तापलेल्या लोखंडी पेटीत काडतुसं दिवसभर भाजत होती आणि तापलेली दारू जास्त जोरानं पेटते. दादानं त्यांना सांगितलं की कोऱ्या मडक्यात गवत घालून त्यात काडतुसं ठेवा आणि मडकं सावलीत ठेवा. तक्रार बंद झाली. हवालदारांनी मात्र गावोगाव सांगितलं की कारंज्याच्या मिस्त्रीनं मडक्याचा उतारा दिला. पुढं दोन माणसं दुकानात खरंच मडकी घेऊन आली आणि दादाला म्हणाली, याच्यावर काही मंतरून द्या.

दुसरे होते आमच्या कारंज्यातलेच धान्याचे व्यापारी, नेमिचंदशेठ. जैन माणूस, संध्याकाळी दिवेलागणीआधी जेवणारे. गोदामाच्या राखणीसाठी वडिलांच्या वेळची रायफल आणि परवाना त्यांच्या गळ्यात पडला होता. पहिल्यांदा आले तेव्हा दाराबाहेर चपला काढून हळूच म्हणाले, "दादा, मले असं काडतूस भरून द्या का आवाज व्हावा, पन जीव जाऊ नये." मी हसणार होतो. दादा हसला नाही. त्यानं गोळीशिवायची पाच काडतुसं भरली, तोंडाला मेण लावलं आणि देवाचा प्रसाद द्यावा तशी त्यांच्या हातात ठेवली. शेठनं त्यातलं एकही कधी उडवलं नाही. दर वर्षी दिवाळीनंतर ती पाचच्या पाच घेऊन यायचे आणि विचारायचे, "खराब तं नाई झाले?" दादा एकेक काडतूस कानाशी हलवून पाहायचा आणि सांगायचा, "मस्त हायत शेठ. अजून एक साल काई पाह्यनं नाई."

हे सांगतो ते एवढ्यासाठी की दादा कसा होता ते तुम्हाला कळावं.

त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. लपवणारा माणूस नव्हता तो. एक दिवस काट्यावर वाकलेला असताना स्वतःच म्हणाला, "गणू, मले सुई दोन दिसून राह्यल्या. मी दोघीच्या मधात थांबतो." आणि हसला. त्यानंतर प्रत्येक माप तो दोनदा तोलायचा. काट्याची दांडी थांबली की नखाची कड तिला लावून पाहायचा. एका दिवसात वीस काडतुसं भरायचा तो आता आठवर आला. मी पाहत होतो. काट्यावर मी बसतो असं म्हणायला पाहिजे होतं, ते म्हणालो नाही. त्याच्या हातचं काडतूस मागणारी गिऱ्हाइकं होती आणि मला दुकान चालायला पाहिजे होतं.

त्या वर्षीचा दसरा. आमच्याकडे शस्त्रपूजा म्हणजे दुकानाचीच पूजा. कानशी, हातोडे, ऐरण, काटा, सगळं पुसून पाटावर मांडायचं. भरलेल्या काडतुसांसाठी शिसवीचा एक ठोकळा होता. त्याला भोकं पाडलेली, पाच-पाचाच्या चार रांगा, काडतुसं गोळी वर करून उभी राहायची. एरवी मी ठोकळ्यावर हळद-कुंकू वाहायचो आणि झालं. त्या वर्षी मी गल्लीतल्या मारुतीला नवस बोललो होतो, की लढाईच्या दिवसांत दुकान तगू दे, तुझा शेंदूर माझ्या दुकानाला लावीन. दुकान तगलं होतं. शेंदूर कालवायला तिळाचं तेल बाजारात मिळेना. सासुरवाडीहून जवसाचं तेल आलेलं होतं, त्यात कालवला. पुंगळीतून गोळी जिथे बाहेर निघते, त्या मानेवर प्रत्येक काडतुसाला मी शेंदराचं बोट चांगलं गोल फिरवलं. पहिली रांग झाली आणि वाटी संपली. मागच्या तीन रांगांना नुसत्या अक्षता टाकल्या.

दादा बाहेर ओट्यावर बसला होता. आतून उदबत्तीचा धूर त्याच्या डोळ्यांना सोसत नव्हता. "आटपलं का रे?" म्हणाला. मी म्हटलं, "आटपलं." मग आम्ही सोनं वाटायला निघालो.

आठ-दहा दिवसांनी कामरगावचे बापूराव आले. माझ्याच वयाचे, ज्वारी-कापसाची बरी शेती, सदा हसरा माणूस. दातांच्या फटीतून शीळ घालत दुकानात शिरायचे, त्यामुळे मान वर न करता कळायचं कोण आलं. त्यांची रायफल फारशी न वापरलेली होती. नळीचं घर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, अगदी आवळ. झिजलेल्या रायफलीत थोडी कमीजास्ती खपून जाते, ह्या असल्या रायफलीत नाही. ज्वारी दाण्यावर आली होती आणि डुकरं माजली होती. मी ठोकळ्यातली पहिली रांग, पाच काडतुसं, त्यांना काढून दिली. शेंदूर पाहून त्यांनी ती कपाळाला लावली आणि खिशात टाकली.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांची बंडी दुकानासमोर थांबली. बापूराव आत बसलेले, तोंडाला धोतर गुंडाळलेलं, उजव्या बाजूनं भिजलेलं. अकोल्याच्या दवाखान्यात निघाले होते, पण आधी रायफल आमच्याकडे द्यायला थांबले. त्या माणसानं स्वतःच्या हातानं ती माझ्याकडे दिली.

"पाह्य बाप्पा मिस्त्री, काय झालं ते. पयले दोन बसतानी जड गेले, म्या दाबून बसवले. तिसऱ्याले मांगून जाळ आला."

उजवा डोळा गेला त्यांचा. तो त्या क्षणीच गेला होता, दवाखान्यात नुसतं सांगितलं.

बंडी गेल्यावर दादानं ती तिसरी पुंगळी हातात घेतली. टोपी उडून गेली होती, तिचं भोक पसरलं होतं, सगळं बूड काळं. दिसत तर नव्हतंच त्याला नीट. बोटाचं टोक तो त्या भोकाभोवती फिरवत राहिला. बराच वेळ. मग मला विचारलं, "गणू, भरल्यावर याले कोणाचा हात लागला?"

"बापूरावचा."

"त्याच्या पयले. दुकानात?"

मी म्हटलं, "कोणाचा नाई. तू भरलं, म्या ठोकळ्यात ठेवलं, त्यायले देल्लं."

मी खोटं बोललो नव्हतो. शपथेवर सांगतो, मला तेव्हा काही आठवलंच नाही. पूजा केली होती, आणि देवाचं बोट लागलं याला हात लागला असं कोण म्हणतं?

उरलेली दोन काडतुसं बंडीवाल्यानं आणून दिली होती. मी ती उघडायला घेतली. गोळी ओढायच्या आधी मानेवरचा शेंदूर काढायला पाहिजे होता. तो फडक्यानं निघेना, नखानं खरवडावा लागला. पायाखाली पडू नये म्हणून त्याच्या खपल्या कागदात घेतल्या आणि तुळशीत नेऊन टाकल्या. मग दारू तोलली. दोन्हींत बरोबर होती, एक कण इकडे नाही की तिकडे नाही.

दादा म्हणाला, "दोनी बराबर हायत."

"तिसरं नसन," मी म्हणालो. "तुले सुई दोन दिसतेत, दादा."

एवढंच बोललो. आवाजही चढवला नाही. दादानं पुंगळी टेबलावर ठेवली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. माझं ते वाक्य त्याला लागलं हे मला दिसत होतं. तरीही मी ते मागे घेतलं नाही, कारण मला ते खरं वाटत होतं आणि खरं सांगायचं तर सोयीचंही होतं. दोष दारूचा निघाला असता, टोप्यांचा निघाला असता तर दुकानच बंद करावं लागलं असतं. म्हाताऱ्या होत चाललेल्या भावाच्या डोळ्यांचा निघाला की दुकान वाचत होतं.

चौकशी झाली. फौजदार आले, दुकानाचा परवाना भिंतीवरून काढून टेबलावर ठेवला आणि जबाब लिहायला सांगितला. माझी लेखणी थांबली तेव्हा दादाच म्हणाला, "लिह्य नं. नजर कमजोर असल्यामुळे माह्या हातून दारू जास्त पडली, असं लिह्य. दुकान तुह्या नावावर हाय, ते राहीन." मी लिहिलं. त्यानं खाली सही केली. ओळ त्याला दिसत नव्हती, मी बोट ठेवलं त्या जागी केली. फौजदारांनी परवाना परत भिंतीवर लावला.

त्या दिवसापासून काट्यावर मी बसायला लागलो. दादा ओट्यावर बसून रिकाम्या पुंगळ्या निवडायचा, बोटानं चाचपून चिरलेल्या वेगळ्या काढायचा. त्यात त्याची कधी चूक झाली नाही. बोलणं मात्र कमी झालं. ठरलेला प्रश्न त्यानं पुन्हा कोणाला विचारला नाही. गिऱ्हाइकं आली की मी आपणहून सांगायचो, "आता दादा भरत नाहीत, मी भरतो." तो तिथेच ओट्यावर बसलेला असायचा. ऐकायचा.

दिवाळीनंतर नेमिचंदशेठ आपली पाच काडतुसं घेऊन आले. सवयीनं दादासमोर धरली. दादा म्हणाला, "गणूले दाखवा शेठ. मले आता नाई समजत." शेठनं माझ्याकडे पाहिलं, काडतुसं रुमालात बांधली आणि म्हणाले, "मंग राहू द्या. दादाले वाटन तई दाखवीन." त्यानंतर ते आलेच नाहीत. गल्लीत भेटले तर माझ्याकडे मान हलवायचे, आणि ओट्यावरच्या दादाजवळ मात्र घटकाभर बसायचे.

मधे एकदा दादा मला न सांगता कामरगावला गेला. कोणाच्या तरी बंडीत बसून गेला आणि दुसऱ्या दिवशी आला. विचारलं तर म्हणाला, "बापूरावले पाह्याले गेलो व्हतो." पाहायला म्हणाला. त्याला तेव्हा समोरचा माणूस धुरकट दिसत होता.

दोन वर्षांनी एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन तो गेला. शेवटल्या दिवशी शुद्धीवर होता. मला म्हणाला, "गणू, म्या दोनदा तोललं व्हतं रे. पन झालं असन माह्याच हातानं." मी म्हटलं, "जाऊ दे आता दादा." जाऊ दे म्हणालो मी. म्हणजे झालं तुझ्याच हातानं, पण जाऊ दे.

आता खरी गोष्ट.

दादाला जाऊन वर्ष झालं असेल. गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये एक पट्टी घासून द्यायची होती म्हणून मला बोलावलं होतं. दुपारची वेळ, कापूस यायचा होता, त्याआधी बॉयलरची दुरुस्ती चालली होती. फिटर उकिडवा बसून वाटीत काहीतरी लाल कालवत होता. मी सहज विचारलं, "काय करून राह्यला?"

"सांध्याले लावाचा शेंदूर हाय, मिस्त्री. जवसाच्या तेलात कालवला."

"कायले?"

"वाफेच्या नळीचा सांधा हाय नं. याच्यावर लावून आवळला का वायल्यावर दगड होते. वाफेच्या बापाले निंगू देत नाई." आणि त्यानं शेजारी पडलेला जुना सांधा दाखवला. त्यावरचा वर्षभराचा शेंदूर तो छिन्नीनं काढत होता. खपल्या उडत होत्या. तशाच खपल्या मी माझ्या नखानं काढून तुळशीत टाकल्या होत्या.

मी विचारलं, "आन तिळाच्या तेलात कालवला तं?"

"तिळाचं वायत नाई. चिकट राह्यते. जवसच पायजे."

मी तिथेच खाली बसलो. फिटरला वाटलं ऊन लागलं, त्यानं पाणी आणून दिलं.

ते तुम्हालाही समजावं म्हणून सांगतो. गोळी सुटते तेव्हा पुंगळीची मान केसभर फुगावी लागते, तेव्हा ती गोळीला सोडते. बापूरावांची रायफल आवळ. मानेभोवती शेंदराचा दगड झालेला, म्हणून काडतूस जड जात होतं. त्यांनी बोल्टच्या जोरानं दाबून बसवलं. आता मानेला फुगायला जागाच नाही. पहिल्या दोन काडतुसांचा थर नळीच्या घरात साचला, तिसऱ्याला तर काहीच जागा उरली नाही. गोळी अडली, दाब चढला आणि धुरानं मागची वाट धरली. दारू बरोबर होती. पाचही काडतुसांत बरोबर होती. दादानं दोनदा तोलली होती.

दुकानात येऊन मी दार लावलं. एका पुंगळीत दारू न घालता नुसती गोळी बसवली, मानेवर जवसाच्या तेलातला शेंदूर लावला आणि दहा दिवस ठोकळ्यात ठेवली. अकराव्या दिवशी तशाच एका आवळ रायफलीत घालून पाहिली. बोल्ट दाबून बसवावा लागला. मी तो उघडला आणि त्या लाल मानेकडे पाहत बसलो. रडू तेव्हा आलं नाही, ते फार उशिरा आलं.

कामरगावला गेलो. बापूराव वावरात होते. एका डोळ्यानं माणूस पाहतो तेव्हा मान जरा फिरवून पाहतो, तशी मान फिरवून त्यांनी मला पाहिलं. शीळ आता घालत नव्हते. मी बांधावर बसून सगळं सांगितलं. नवस, शेंदूर, जवसाचं तेल, नखानं खरवडलेल्या खपल्या, सगळं.

ते म्हणाले, "शेंदूर व्हता. म्या पाह्यला व्हता. मनलं देवाचा हाय, पुसा नाई."

मग म्हणाले, "दादा आलते माह्याकडे. मालूम हाय का तुमाले?"

"पाह्याले आले होते."

"पाह्याले कायचे. ओट्यावर चढले आन माह्या पाया पडले. एवढा मोठा मानूस. मी मनलं दादा, उठा, मानसाच्या हातून होते, म्या माफ केलं तुमाले. तई उठले." बापूरावांनी मातीचं ढेकूळ उचललं आणि हातात चुरलं. "केलं व्हतं नं म्या माफ. खऱ्या मनानं केलं व्हतं. आता सांगा मिस्त्री, थे माफी मी वापस कोणाकडून घेऊ?"

माझ्यासाठी ती मागायचं धाडस मला झालं नाही आणि त्यांनीही आपणहून दिली नाही. पण बंडी जुंपून मला सडकेपर्यंत सोडायला आले. उतरताना एवढंच म्हणाले, "दादाचं नाव साफ करा."

मी ठाण्यात गेलो होतो. जुने फौजदार बदलून गेले होते. नव्या कारकुनानं दप्तर उलटून पाहिलं आणि म्हणाला, "हे तर केव्हाच निकाली निघालं. ज्यानं सही केली तो मयत आहे ना? मग आता कायले उकरता?" तो जबाब अजून कुठल्यातरी गाठोड्यात असेल, माझ्या अक्षरात, दादाच्या सहीचा. नेमिचंदशेठना मी सांगितलं. ते ऐकून घेत होते आणि मधेच म्हणाले, "मले तं मालूमच व्हतं." कसं मालूम होतं ते सांगितलं नाही. दादाच्या हातची ती पाच काडतुसं त्यांनी शेवटपर्यंत जपून ठेवली होती.

त्यानंतर मी काडतुसं भरणं सोडलं. बंदुका दुरुस्त करत राहिलो, पोट होतं. त्याच गल्लीत म्हातारा झालो. बापूराव गेल्या साली वारले. दादाचं नाव त्यांच्या डोळ्यांदेखत छापून आणायला पाहिजे होतं, तेही मी लांबवलं.

संपादकसाहेब, तुम्ही चटकदार मागितलं होतं, ते जमलं नाही. पण एक जबाब दुरुस्त करायचा राहिला होता आणि ठाण्यात तो कोणी घेत नाही, म्हणून इथे देतो.

दादा, तू विचारलं होतं भरल्यावर याले कोणाचा हात लागला. मी म्हणालो होतो, कोणाचा नाई.

माहा लागला होता.